सई केमिस्ट्रीला पुन्हा बसणार?

८ जुलै, मंगळ.
एपीचे, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेजांसाठी बारावीतच देतात त्या परीक्षांचे, निकाल लागले. सईला केमिस्ट्रीत पाचपैकी पाच, बायोत पाच, कॅल्क्युलसमध्ये चार. श्रीने फॅक्टरीतूनच फोन केला, मागे मशिनचा आवाज. "ऐकलंस का? पोरीला अमेरिकेतल्या कॉलेजात पहिल्या वर्षाची केमिस्ट्री माफ! क्रेडिट मिळणार!" इथे आखातात, हमरियातल्या त्याच्या रंगाच्या फॅक्टरीत तोवर खजूरही वाटून झाले होते. केमिकल इंजिनिअरची मुलगी ना. शिवाय दोन वर्षं त्यानेच शिकवलं. संध्याकाळी लिफ्टमध्ये खालच्या मजल्यावरच्या रुखसानाभाभी भेटल्या, तर श्रीने त्यांनाही ऐकवलं, "थेट सेकंड इयरची केमिस्ट्री घेणार." भाभी म्हणाल्या, "इन्शाल्ला, बिल्डिंगमधली पहिली डॉक्टर." सई मोबाइलमध्ये बघत राहिली. दमली असेल.

११ जुलै, शुक्र.
कॉलेजच्या सल्लागारबाईंचा व्हिडिओ कॉल. मी कॅमेऱ्यात न येता भेंडी पुसत बसले, कान तिकडे. बाई म्हणाल्या, क्रेडिट घेतलं तर सरळ ऑरगॅनिक केमिस्ट्री. पण पुढे मेडिकलला काही ठिकाणी एपीचं क्रेडिट चालत नाही, कॉलेजात लॅबसकट केलेली केमिस्ट्री लागते. आणि पाया कच्चा असेल तर ऑरगॅनिकमध्ये मार्क घसरतात, ते मेडिकलवाले बघतात. क्रेडिट नाकारून पहिली केमिस्ट्री पुन्हा घेता येईल. १ ऑगस्टपर्यंत कळवा.
कॉल संपायची खोटी. "पुन्हा? पुन्हा कोण बसतं? नापास झालेला!" श्री पुण्यात शिकला. एखाद्या विषयात एक्झम्प्शन मिळालं की तो पेपर जन्मात पुन्हा द्यायचा नाही, हे डोक्यात घट्ट बसलंय.
"बाबा, इट्स नॉट लाइक दॅट देअर."
"सगळीकडे सारखंच असतं."
खलास. भेंडी मात्र चिकट झाली.

१४ जुलै, सोम.
आज कोर्स निवडायचे होते. पोर्टल आपल्या वेळेने संध्याकाळी पाचला उघडणार म्हणून श्री फॅक्टरीतून लवकर आला. तिच्या खुर्चीला खुर्ची लावून बसला. लॉगिन तिचं, बोट तिचं, आवाज याचा. "बायो. हं. सायकॉलॉजी कशाला? बरं, असू दे. आता ऑरगॅनिक. दाब."
तिचा हात माउसवर थांबला. फार नाही, पण थांबला. मग दाबलं.
मी चहा घेऊन दारात उभी. बोलायला हवं होतं का? काय बोलणार, मी बी.कॉम.

१७ जुलै, गुरु.
सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये एसी लावून बसलो, उन्हात उतरवेना. सई एकदम म्हणाली, "आई, आय डोन्ट नो केमिस्ट्री."
"अगं, पाच मिळालेत!"
"आय नो बाबाज क्वेश्चन्स. चेंज द क्वेश्चन अँड आय अ‍ॅम डेड."
मग रडली. ऑरगॅनिकमध्ये आपटले तर डॉक्टर होणं विसरा, म्हणाली. पहिल्यापासून करायचंय तिला. नीट, समजून.
"मग सांग ना बाबांना."
"यू टेल हिम. नो, डोन्ट. प्लीज डोन्ट."
शुक्रवारची सुट्टीची झोप सोडून शिकवायचा तो. दोघं डायनिंग टेबलावर, मधे दाण्याचे लाडू, खिदळणं. मला हेवा वाटायचा त्यांचा. आता कुठल्या तोंडाने सांगू.

२० जुलै, रवि.
नको ते झालं. मी सांगितलं नाही, तरी झालं.
भाताच्या आधणात मीठ घातलं. श्री खुशीत होता, त्याने सहज विचारलं, "काय डॉक्टरीणबाई, मिठाने पाणी उकळायला उशीर का होतो?" तिने फॉर्म्युला धडाधड म्हटला. "शाबास! पण का?"
सईने झाकण उचलून आधण बघितलं.
"का, सई? फॉर्म्युला नको, कारण सांग."
"आय डोन्ट नो."
"दोन वर्षं शिकवलं मी!"
"एव्हरी टाइम आय आस्क्ड व्हाय, यू सेड, यल्ला, नेक्स्ट."
श्रीने मिठाचा डबा बंद करून जागेवर ठेवला. खरंच म्हणायचा, यल्ला, म्हणजे अरबीत चला पुढे. मी ऐकलंय किती वेळा. सई खोलीत गेली. भात गिचका झाला, तोही कुणी धड खाल्ला नाही.

२३ जुलै, बुध.
घरात तिघं आणि शब्द मोजून दहा. श्री दाढी न करता कामावर जातोय. सईच्या खोलीचं दार बंद. लिफ्टमध्ये रुखसानाभाभी, "बॅगा भरल्या का?" मी हसले. काय करणार.

२७ जुलै, रवि.
श्री किचनमध्ये आला, उगाच फ्रिज उघडून बंद केला.
"त्या बाईंना अजून मेल करता येईल ना? क्रेडिट नको म्हणून?"
"येईल की. सांग तिला."
"तू सांग. तुझं म्हणून सांग. मी सांगितलं तर तिला वाटेल, बाबांचा आपल्यावर भरवसा उरला नाही."
मग ओट्याला टेकला. "मार्क आणायला शिकवलं गं मी. मला तेवढंच येत होतं." इतक्या वर्षांत त्याला असं बोलताना पाहिलं नव्हतं. पाठीवर हात फिरवला, तर म्हणाला, "घाम आलाय, नको." वेडा.
सईशी आजच बोलायचं. ती मैत्रिणीकडे गेलीय, आली की

३१ जुलै, गुरु.
चार दिवस झाले, बोलणं झालं नाही. ती घरात असली की हा असतो, हा नसला की ती नसते. आज दुपारी तीच आली. मी तोंड उघडायच्या आत,
"आई, आय अ‍ॅम कीपिंग ऑरगॅनिक. बाबांना सांग, मी मॅनेज करीन. रोज अभ्यास करीन. बाबा लुक्स सो ओल्ड सिन्स दॅट डे."
"तुला हवंय का पण ते?"
"दॅट्स नॉट द पॉइंट."
मग काय पॉइंट आहे, बाई? आयुष्य तुझं. मला इतका राग आला दोघांचा, आणि इतकं भरून आलं, की मी कपड्यांच्या घड्या घालत राहिले.
आता श्री आलाय. बूट काढता काढता हळूच, "काय म्हणाली?" आणि आतून मोबाइलवर तिचा मेसेज, "व्हॉट डिड बाबा से?"
उद्या शेवटची तारीख. कुणाचाही निरोप कुणाला देणार नाही मी. दोघांना टेबलावर बोलावलंय. श्री येऊन बसला. तिच्या दाराची कडी वाजली. मी बाहेर टेबलाशी जाते, बघू आधी कोण बोलतं.