लाल दिवा आणि अर्धं वाक्य

२२ जुलै, सोमवार

गेलं! पुन्हा गेलं! आणि नेमकं कुठे — "मेमे, मी लग्न करतोय, पण —" आणि पुतूचं तोंड पडद्यावर तसंच उघडं राहिलं. मग तेही गेलं. नेटच्या डब्यावर लाल दिवा.

पण काय? पण काय रे बाबा? आईला अर्धंच सांगितलंस!

चार महिने झाले पोराला बाली सोडून जहाजावर. बंदर लागलं तरच फोन — आमच्या सकाळी दहाला, तेव्हा त्याची रात्र. यांनी वायर काढली, घातली, डब्याच्या पाठीवर थाप मारली. "आता बघ!" काय बघू, कपाळ? दुपारी जेवून उठलो तर दिवा हिरवा. कोणी हातही लावला नव्हता! तोवर पुतूचं जहाज निघून गेलेलं.

२३ जुलै

दिवसभर तेच. हे म्हणतात, "पण ती ख्रिस्ती असेल." मी म्हणते, "पण ती गोरी असेल." "पण वयाने मोठी असेल." असू दे! गोरी असली तरी देवापुढच्या चनांग टोपल्या विणायला मी शिकवीन तिला. एकुलता एक मुलगा आहे. सून घरात आली, घरच्या देवळाला तिचे हात लागले, की झालं.

२४ जुलै, बुधवार

भात शिजल्यावर त्याची शितं आणि फुलं घालून चनांग मांडल्या — देवळात, चुलीपाशी, विहिरीवर, फाटकात. शेवटची डब्यावर, सगळ्यात ताज्या फुलांची. का नाही? बाकी सगळं देव देतात, पण पुतूचं तोंड हा डबाच दाखवतो. उदबत्ती लावली, फूल तीर्थात बुडवून तीनदा शिंपडलं, हात जोडले. आणि साडेनऊला दिवा लाल! इतकं करूनही!

कंपनीत फोन केला. कोणी बाई म्हणाली, "बंद करा, तीसपर्यंत मोजा, चालू करा." मी शंभरपर्यंत मोजलं. काही नाही. दुपारी आपोआप हिरवा. याला सकाळचंच काय वावडं?

२५ जुलै, गुरुवार

आज आवाज आला तो असा — "मेमे, ऐक, तिचं नाव कादेक सुविती. ताबानानची आहे. आमच्याच जहाजावर, धोबीखान्यात —" गेलं.

ताबानानची! म्हणजे बालीचीच, आपल्यातलीच! मग 'पण' कशाला?

हे छपरावर चढले. कौल फुटलंय का, केळीचं पान तारेला लागतंय का. दोन्ही नाही. खाली उतरून शेजाऱ्यांच्या कोंबड्यावर आळ घेतला. "तोच वायर टोचतो." म्हटलं, "अहो, तो बिचारा दिवसभर टोपलीखाली कोंडलेला असतो!" तर म्हणे, "तू त्याची बाजू घेऊ नकोस." कमाल आहे माणसाची.

२७ जुलै, शनिवार

लोखंडाचा सण. मोटरसायकल, विळे, सुऱ्या, शिवणयंत्र — सगळ्यांची पूजा. डब्यासाठी मोठी टोपली विणली, दोनदा मंत्र म्हटला, तीर्थाला हात आखडला नाही. आणि आज तर संध्याकाळीही लाल. माझं डोकंच चालत नाही. ज्याची पूजा जास्त तोच रुसून बसतो?

२९ जुलै, सोमवार

पुतूचा फोन नाही. येणार कुठून?

दुपारी कंपनीचा मिस्त्री आला. न्योमान रेंदा, पन्नाशीचा, शांत माणूस. स्क्रू काढून डबा उघडला. आतून निघालं — भाताची दोन शितं, झेंडूची पाकळी, आणि पाणी. त्याने वर छपराकडे पाहिलं. मग यांच्याकडे. मग बाजूला काढून ठेवलेल्या चनांगकडे.

"पुतूची आई," तो हळूच म्हणाला, "माझी बायकोही असंच करायची. मी आमचा डबा उंच टांगला भिंतीवर. तुम्ही चनांग खाली ठेवा. तीर्थ लांबून शिंपडा, पोचतं."

मेल्याहून मेल्यासारखं झालं! हे पोट धरून हसत सुटले. "जा, आधी कोंबड्याची माफी माग!" आळ यांनी घेतला आणि माफी मी मागायची! पण मीही हसले. किती दिवसांनी हसले. रेंदाने नवा डबा बसवला, अजून टांगायचाय. जाताना केळीच्या पानात बांधून साखर पेरलेला भात दिला त्याला.

१ ऑगस्ट, गुरुवार

एकदाही तुटलं नाही. इतकं स्वच्छ की पुतूच्या ओठावरचा घामही दिसत होता.

"मेमे, तिला भाऊ नाही. ती आपल्याकडे नाही यायची. मी जाणार — त्यांचा मुलगा होऊन. त्यांच्या देवळात पूजा करीन. मुलं झाली तर तीही त्यांचीच."

हे म्हणाले, "आणि इथल्या पूर्वजांना पाणी कोण देणार?" पुतू रडायला लागला. मोठा, मिशा असलेला माणूस, रडत होता. म्हणाला, "तुम्ही दोघांनी हो म्हटल्याशिवाय तिच्या घरचे पुढे जाणार नाहीत, मी त्यांना तसंच सांगितलंय. सोमवारी बंदर आहे. दहाला फोन करतो. हो की नाही, एवढंच सांगा."

'पण काय, पण काय' म्हणून जीव टांगणीला लागला होता. कळलं, आणि आता काहीच कळेनासं झालंय. नाही म्हटलं तर मुलगा तुटतो. हो म्हटलं तरी जातोच. सगळा गाव मला पुतूची आई म्हणतो. मग मी कोण?

४ ऑगस्ट

हे जेवले नाहीत. मीही नाही.

५ ऑगस्ट, सोमवार

नऊला चनांग मांडल्या. शेवटची डब्यावर. फूल तीर्थात बुडवून तीनदा शिंपडलं. मग तीर्थाची वाटीच डब्यावर उपडी केली. हे दारात उभे राहून बघत होते. त्यांनी अडवलं नाही.