बैलाचं तोंड अन् माझा पाय

नत्थूदादा,

एका फोटोसाठी सख्ख्या बहिणीले तीन खेपा साकोलीले यायले लावणारा भाऊ साऱ्या भंडारा जिल्ह्यात तू एकटाच असशील. तीनही खेपा एसटीत उभ्यानं आली, अन् तीनही खेपा तू आपल्या फोटो स्टुडिओच्या काउंटरमागून एकच बोलला, 'रीळ संपलं नाही, सात फोटो उरले.' अरे, तर बाहेर काढ ना. नाही. सात वाया जातील म्हणे. मंग ते सात भिंतीचे काढ, दरवाजाचे काढ, माझे काढ. तेही नाही. 'फोटो काढाले काही कारण लागते, पंचफुला.' मोठा कारणवाला. इकडे माझे बैल विकाले निघाले होते अन् तू तिकडे कारण पाहत बसला होता. (नमस्कार लिहायचा राहिला, तो इथे घे. वहिनीचे गुडघे कसे आहेत? तिले म्हणा जिना चढू नको. तुझी तब्येत विचारत नाही. जो माणूस भर उन्हात उपड्या घमेल्यावर तीन तास बसू शकते त्याले काही होत नाही.)

पण काल तुझं पाकीट आलं, म्हणून हे पत्र. हे भांडणाचं नाही, आभाराचं आहे, पुढे वाचत जा. फोनवर सांगितलं असतं, पण तू अर्ध्यातच 'हो हो' करून ठेवून देते.

तू त्या दिवशी पटाच्या रेघेवरच होता, तरी आता माझ्या बाजूनं ऐक. आमच्या घरच्यांनी (तुझ्या भाऊजींनी) शंकरपटाच्या शर्यतीआधीच आंगणात सांगून टाकलं होतं, यंदा जोडी हरली तर व्यापाऱ्याले देऊन टाकीन. भुऱ्या अन् कवड्या मी पेज पाजून मोठे केलेले. कवड्या तर माझ्या हाताशिवाय सरकीच्या ढेपीले तोंड लावत नाही. अन् शेवटच्या फेरीत काय व्हावं, तर आमची अन् आंधळगावची जोडी चुन्याच्या रेघेवर एकदमच आली, अन् झेंडीवाल्यानं झेंडी टाकली आंधळगावकडे. मी म्हणलं, भुऱ्याचं नाक पुढे होतं. कमेटी म्हणाली, पुरावा आणा बाई.

पुराव्यासाठी पहिले सारे प्रविणकडे धावले. हा कमेटीनं बाहेरून बोलावलेला फोटोवाला, अन् त्याचा कॅमेरा आपोआप सारं करते. उजेड तोच पाहते, दूर-जवळ तोच पाहते, बोट ठेवलं का एका दमात पन्नास फोटो. प्रविणले फक्त उभं राहायचं काम. (पटाच्या दिवशी मलेही तुझ्यापेक्षा तोच हुशार वाटला होता, खोटं काहून बोलू.) त्यानं शेवटच्या फेरीचे एकशेचाळीस फोटो दाखवले. एकशेचाळीसातही पल्याडच्या बाजूची शकुनबाई शेंगा खाताना एकदम साफ. शेंगेचं टरफल ओठाले चिकटलं तेही दिसते. तिच्यासमोरून दोन पांढरे ढग चालले आहेत, ते बैल. प्रविण बिचारा म्हणे, 'मावशी, हा कॅमेरा माणसाचं तोंड शोधते जी.' म्हणजे बैलाचं तोंड त्याले तोंडच वाटत नाही. पट बैलाचा, अन् फोटो शकुनबाईचे. ती मात्र खूश आहे, त्यातले चार मागून नेले तिनं.

तेव्हा मले तुझी आठवण आली. तू सकाळीच येऊन बसला होता, गळ्यात ते आपल्या बापाच्या वेळचं कॅमेऱ्याचं डबडं. आल्या आल्या चुन्याच्या रेघेवर एक वीट ठेवली, विटेकडे पाहून काचेची कडी फिरवली, तिले चिकटपट्टी लावून गच्च केलं, अन् वीट उचलून फेकली. मी विचारलं, बैल सोडून विटेचा फोटो काहून काढून राहिला? तू म्हणे, 'बैल विटेच्या जागी आले का दाबायचं.' मी म्हणलं तोपर्यंत बैल घरी पोहोचतील. मंग आमची जोडी आली, धुराळा आला, लोक बोंबलले, अन् तू घमेल्यावर बसलेलाच. मले वाटलं हा झोपला. मी 'दाब ना रे, दाब' म्हणून जी ओरडली, ते साऱ्या पटानं ऐकलं. मंग एकदा 'कट्' वाजलं. एकदाच. त्यानंतर मी तुले चारचौघांत जे काही बोलली ते आज परत घेते. डबड्याले डबडं म्हणलं तेही घेते (वर पुन्हा लिहिलं, ते खोडत बसत नाही).

काल फोटो पाहिला, दादा, अन् चुलीवरचा भात करपला. चुन्याची रेघ, रेघेच्या पुढे भुऱ्याचं नाक, चांगलं वीतभर. नाकातली वेसण दिसते, लाळेची तार दिसते, छकड्यावर जोडी हाकणाऱ्या मनिषचे दात दिसतात. आंधळगावच्या बैलाचं नाक रेघेच्या अलीकडे, ते कोणीही सांगेल. आमच्या घरच्यांनी पाव तास पाहिलं, अन् उठून ढेप घेऊन कवड्याजवळ गेले. कवड्यानं खाल्ली नाही, ते सोड. पण 'कमेटीनं मानलं तर जोडी घरीच राहील' एवढं तोंडातून निघालं. कमेटी शुक्रवारी बसते. व्यापारी शनिवारी येते.

तुझ्या हाताले मी कधी मान दिला नाही. माझ्या लग्नातही तू माझा एकच फोटो काढला म्हणून मी रुसली होती. त्या फोटोत मी हसून राहिली आहे. त्या दिवशी मी हसली होती हे तुझ्या फोटोशिवाय मले कधी कळलं नसतं. आता रिळाच्या छत्तीसातला एक तू माझ्या बैलाले दिला. हे मी विसरणार नाही.

तुझी बहीण,
पंचफुला

ता. क. आता खरं काम. आमच्या घरच्यांनी आज चष्मा लावून फोटो पुन्हा पाहिला. डाव्या कोपऱ्यात, पटाच्या दोरीच्या आत, एक पाय आहे. पायात माझे जोडवे आहेत. वर मी आहे, हातात चप्पल घेऊन. अन् कायदा असा का हाकणाऱ्याशिवाय दोरीच्या आत कोणी शिरून बैल हुसकावले तर जोडी बाद. प्रविणच्या कॅमेऱ्यात माझा ढग झाला असता अन् कोणाले पत्ता लागला नसता. तुले एवढं साफ काढाले कोणी सांगितलं होतं?

कोपरा कापून दे असं मी म्हणत नाही. तू कापणार नाही, अन् मलेही तसं जिंकायचं नाही. तू फक्त फोटोच्या मागे आपल्या अक्षरात लिहून दे का ही माझी सख्खी बहीण असून मी बटन दाबत नव्हतो म्हणून मलेच चपलेनं मारायले धावली होती, बैलांशी तिचा काही संबंध नव्हता. हे खरंच आहे. फोटोतही माझे डोळे बैलाकडे नाहीत, तुझ्याकडे आहेत, पाहून घे. कमेटीतले सारे मले ओळखतात, त्यांना लगेच पटेल.

ता. क. दुसरं. फोटो यासोबत परत पाठवून राहिली. खाली सही कर, अन् गुरुवारच्या दुपारच्या एसटीनं माझ्या हातात पडला पाहिजे. या खेपेले रीळ संपायची वाट पाहू नको.