फोटोखालचं नाव

प्रिय माय,

दापोऱ्यात केळीचे घड उतरायला लागले असतील, आणि गुडघे दुखत असूनही तू बागेत जात असशील. मी बुऱ्हाणपुरात त्याच खोलीत आहे. घरमालकीण मथुराबाई रोज संध्याकाळी भाकरी जास्त झाली म्हणून आणून देतात. रोज कशी जास्त होते, ते मी विचारत नाही.

बातमी अशी, की माझ्या कादंबरीबद्दल पेपरात छापून आलं. तापीच्या पाण्याखाली एक शहर आहे, तिथं राहायला जागा हवी तर आपला आवाज गहाण ठेवावा लागतो, अशी गोष्ट. मीच छापली आणि स्टेशनरीच्या दुकानात ठेवली. तिथं धर्मेंद्र नावाच्या पत्रकाराला ती दिसली. त्याच्या हिंदी पेपरात मथळा आला, 'बुरहानपुर की बेटी ने रची परियों की दुनिया'. पुस्तकात परी एकही नाही! तरी सकाळी दूधवाला विचारत होता, "दीदी, परी का नाम क्या रखा?" किती दिवसांनी मोठ्यानं हसले मी.

फोटोचं मात्र सांगायला हवं. धर्मेंद्र म्हणाला, "मम्मी को बुलाइए, पेढ़ा खिलाते हुए फोटो लगेगा." आपल्याकडे पोरगी बोर्डात आली काय, पोरगा पोलिसात लागला काय, फोटो तसाच येतो. मी तुला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. शेवटी मथुराबाई पदराला हात पुसत आल्या, पेढा उचलला आणि म्हणाल्या, "उघड वं तोंड, त्याला काय दिवसभर उभं ठेवते का?" मी तोंड उघडलं. दुसऱ्या दिवशी फोटोखाली छापून आलं, 'लेखिका तृप्ती का मुँह मीठा करातीं माता मथुराबाई'. त्यांना मूलबाळ नाही, माय. त्यांनी तो पेपर देवाच्या फोटोंशेजारी लावलाय.

सासर सोडून मी तुझ्या दारात आले, तेव्हा माझा सुजलेला हात तू पाहिलास. मग म्हणालीस, "दिलेल्या घरी जा. इथं माझी लेक नाही राहत." तेव्हा मी भांडले नाही, आजही भांडायला बसलेली नाही.

लिहायचं कारण वेगळं आहे. धर्मेंद्रला चूक कळली आहे. पुढच्या शनिवारी दुरुस्ती छापतो म्हणतो, "सही नाम बता दीजिए." मी अजून सांगितलेलं नाही. माझी आई म्हणून तुझं, लीलाबाई हे नाव छापलेलं तुला चालेल का, की गावात तुझी मान खाली जाईल, हे मला ठरवता येत नाही. चालत असेल तर एक मिस कॉल दे. बोलू नकोस, नुसता दे. शुक्रवारपर्यंत आला नाही, तर मी त्याला सांगेन, की छापलंय ते बरोबर आहे.

अजूनही तुझीच,
तृप्ती