डोलकाठी मी उतरवते

२९ सप्टें., सोम.
सेलिंग क्लबच्या डीटरचा फोन. बंदराची व्यवस्था तोच बघतो. पुढच्या आठवड्यात सगळ्या बोटी हिवाळ्यासाठी पाण्याबाहेर. त्याआधी डोलकाठी उतरवलेली हवी. मग घसा खाकरून म्हणाला, एक गिऱ्हाईक आहे, तुझी बोट उभ्या डोलकाठीसकट आत्ताच विकत घेऊन जाईल. "तुला त्रास नको."
मे महिन्यात वि. गेला, तेव्हापासून जो तो मला त्रासातून सोडवायला बसलाय.
म्हटलं, डोलकाठी मी उतरवते.
"तू?"
जा, म्हणजे जर्मनमधलं हो. मी.

१ ऑक्टो., बुध.
पुण्याहून भाऊजींचा फोन. "वहिनी, दादा होता तोवर ठीक होतं. आता ते लाकूड कशाला सांभाळायचं?"
अहो, लाकूड नाही, अ‍ॅल्युमिनियम आहे. एवढंच बोलले. मनात बरंच होतं.
दर ऑक्टोबरात वि. काठीच्या बुडाशी, मी काठाजवळ दोरी धरून. बुडाशी तो नेमकं काय काय करायचा ते कधी बघितलंच नाही.

४ ऑक्टो., शनि.
हॅम्बर्गचा पाऊस. तरी बोटीवर गेले. काठीला ताणून धरणाऱ्या तारांचे स्क्रू घट्ट बसलेले. लेक ईरा मागोमाग आली. "मामा, लास एस!" आई, सोडून दे म्हणे. मी मराठीत पाना मागितला. आणून दिला, तोंड वाकडं करून. तेल घालून एकेक ढिला केला.
शेजारच्या बोटीवरचं जोडपं कॉफी पीत बघत होतं. मदत हवी का, विचारलं नाही. बरं झालं. नाही म्हणावं लागलं असतं.

७ ऑक्टो., मंगळ.
झालं.
क्रेनचं हँडल डीटरकडे, दोरीवर ईरा, बुडाशी मी. पट्टा अडकवला, तारा सोडल्या, काठी वीतभर उचलली गेली आणि बुडातून वायर ताणत वर येताना दिसली. वरच्या दिव्याची. प्लग काढायचाच राहिला होता! तोंडातून निघालं, "हळू, हळू!"
डीटरने हँडल थांबवलं, वाकून माझ्याकडे बघितलं. "जा, हालो? काय?"
तेवढ्यात हात घालून प्लग उपसला.
नंतर काठी स्टँडवर आडवी झाल्यावर त्याने विचारलं, मधेच हालो, म्हणजे त्यांचं हॅलो, कशाला म्हणालीस? ईराने जर्मनमध्ये सांगितलं, हळू म्हणजे सावकाश.
"आल्झो, म्हणजे ते कळलं असतं तर मी सावकाश फिरवत राहिलो असतो. वायर गेली असती."
ईरा हसत सुटली. मग मीही. मेनंतर पहिल्यांदा, बहुतेक.
डीटर म्हणाला, वि. पण एकदा विसरला होता. मला हे कधीच सांगितलं नव्हतं त्याने. लबाड.

११ ऑक्टो., शनि.
बोट जमिनीवर. ताडपत्री बांधली. त्या गिऱ्हाइकाचा फोन, वसंतापर्यंत थांबायला तयार आहे म्हणे. थांबू दे.
भाऊजींना सांगितलं, उतरवली.
"शाब्बास! मग आता विकायला मोकळी."
म्हटलं, एप्रिलमध्ये परत चढवणार आहे.
"आणि वहिनी, चालवणार कोण?"
मला शीड नीट बांधताही येत नाही. फोन ठेवला. मग डीटरला मेसेज केला: एप्रिलमध्ये क्रेनची पहिली वेळ मला हवी.