ड्रायव्हरचं ताट

बाबा, तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झालीत की आईसुद्धा तुमचं नाव काढते ते तुम्ही गावाला गेल्यासारखं. तुम्ही होतात तेव्हा आपण दोघं फारसं बोललो नाही. तुम्ही यायचात तेव्हा मी झोपलेली आणि तुम्ही जायचात तेव्हाही झोपलेलीच. पण गोराईला जे झालं ते दुसऱ्या कुणाला सांगितलं तर मला खुळ्यात काढतील, म्हणून तुम्हालाच लिहायला बसले आहे.

आधी आमचं सांगते, कारण जावई काही तुम्ही पाहिला नाहीत. त्याचं काम लॅपटॉपवरचं, कुठूनही होतं. आम्ही भाड्याची खोली सोडली आणि एक जुनी व्हॅन घेतली. तिच्यातच झोपायला फळी, शेगडी, पाण्याची टाकी आणि मागे खिडकीशी एक सीट. आत्या म्हणते, विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, उद्या पोरं झाली तर काय टपावर ठेवणार? आम्ही हसतो आणि पुढच्या गावाला जातो. हॉटेलात सहसा जेवत नाही. ओळखीच्यांच्या घरी आगाऊपणे फोन करून सांगतो की येतोय, तुमच्याकडे जे खास होतं ते करा. फुकटे म्हणा हवं तर. बदल्यात भांडी मी घासते आणि हा त्यांचे बिघडलेले फोन दुरुस्त करून देतो.

तर या हिवाळ्यात फिरत फिरत मुंबईत आलो आणि पहिल्यांदा बोरीवलीला माझ्या शाळेतल्या मैत्रिणीकडे गेलो. तिची आई मालवणची. वडे तळत होती, काळ्या वाटाण्याचं सांबार गॅसवरून उतरवलेलं होतं. आम्ही पानावर बसलो तशी ती गॅलरीत जाऊन खाली डोकावली आणि मला म्हणाली, "गो, ड्रायव्हराक ताट पाठवूक नको?" मी म्हटलं, काकी, गाडी आम्हीच चालवतो, ड्रायव्हर कसला. "मगे तो बसलो हा तो कोण? पांढऱ्या शर्टातलो, कॉलरीत रुमाल घातलेलो?" मैत्रीण म्हणाली, वॉचमन असेल, आई, वडे दे. आम्ही हसलो. मीही हसले, आणि वडा तोंडात घोळत राहिला.

कॉलरीत तुमच्यासारखा रुमाल पुष्कळ लोक घालतात, बाबा. मुंबईच्या घामात दुसरं काय करणार. मी मनाला तेच सांगितलं. पण त्या दिवसापासून मला तुमची ती ताटं आठवायला लागली. तुम्ही ज्यांची गाडी चालवायचात ते घाटकोपरचे शेठ कुणाकडे जेवायला गेले की तुम्ही खाली गाडीत. वरून कुणीतरी आठवणीनं विचारायचं, ड्रायव्हर जेवला का, आणि मग ताट खाली यायचं. तुम्हाला वर बोलावलं तरी तुम्ही जायचा नाहीत, गाडी सोडून येत नाही म्हणायचात. शेठ शाकाहारी, म्हणून त्यांच्या गाडीत बसून मासळी खायची नाही. घर मासे खाणाऱ्यांचं असलं आणि ताटात तळलेला मासा आला की तो तुम्ही शेठच्या शिळ्या गुजराती पेपरात गुंडाळून माझ्यासाठी घरी आणायचात. सकाळी उठले की कांजूरमार्गच्या आपल्या खोलीत फडताळात तो पुडा असायचा. आई म्हणायची, आधी तोंड धू गं. मी न धुताच खायची. ताट मात्र तुम्ही बाटलीतल्या पाण्यानं स्वच्छ धुऊन बॉनेटवर पालथं ठेवायचात. मी एकदा विचारलं तर चिडून म्हणालात, दुसऱ्याच्या मोलकरणीनं आपलं उष्टं का घासायचं.

गोराईला आम्ही रविवारी गेलो. बोरीवलीहून बोटीतून माणसं आणि दुचाकी जातात, आमचं धूड कसं जाणार, म्हणून भाईंदरवरून उत्तनमार्गे वळसा घातला. तिथे ह्याचा कॉलेजातला मित्र राहतो, गावातलं जुनं ख्रिस्ती घर. त्याची आई उन्हाळ्यात बाटलीचा मसाला स्वतः कुटते आणि बीअरच्या काळ्या बाटल्यांत काडीनं ठासून भरते. त्या मसाल्यातलं कोलंबीचं कालवण होतं, लाल भोपळ्याची भाजी, तळलेले बोंबील, आणि मैद्याच्या गोल गोल फुग्या, ज्या आमच्या ह्यानं मोजल्याच नाहीत. व्हॅन चिंचेखाली लावली होती. आम्ही ओट्यावर जेवत होतो, तिथून ती दिसत नव्हती.

जेवणं होत आली तेव्हा मित्राची आई हात पुसत म्हणाली, "तुमचा ड्रायव्हर लय भिडस्त मानूस हाय. बोलावला तर आत नाय आला. मंग मीच ताट नेऊन दिला." ह्याच्या हातातली फुगी तशीच राहिली. मी विचारलं, काय बोलला तो? "काय नाय. गाडी सोडून येत नाय बोलला. आनि तुजाच विचारला. पोरगी जेवली काय?"

आम्ही दोघं उठलो. दुपारचं लख्ख ऊन होतं, गावातली माणसं झोपलेली, कोंबड्यासुद्धा गप्प. व्हॅनला बाहेरून कुलूप होतं आणि चावी ह्याच्या खिशात. बॉनेटवर स्टीलचं ताट पालथं, धुतलेलं, कडेनं पाणी अजून ठिबकत होतं. त्याच्या शेजारी एक पुडा. गुजराती पेपरचा. त्या घरात गुजराती कुणाला वाचता येत नाही आणि आमच्या व्हॅनमध्ये पेपरच नसतो. मी तो उघडला. आत बोंबील, गरम.

मी ते खाल्ले, बाबा. उभ्या उभ्या, हात न धुता. हा माझ्याकडे बघत होता. मग त्याला पहिल्यांदा मी तुमचं सगळं सांगितलं. शेठ रोज वरून हाक मारायचे, जाओ, कल नौ बजे, आणि ती हाक येईपर्यंत तुम्ही हलायचा नाहीत. एकदा ते विसरून झोपले तर तुम्ही सकाळपर्यंत खाली बसून राहिलात आणि आईनं कपाळ बडवलं तेव्हा म्हणालात, ते जा बोललेच नाहीत तर कसा येऊ? आणि शेवटी मुलुंडच्या त्या लग्नाच्या हॉलखाली, वरती पंगत बसलेली असताना, वाढपी ताट घेऊन गाडीपाशी आला तेव्हा तुम्ही स्टिअरिंगवर हात ठेवून गेलेले होतात. त्या दिवशी तुम्हाला कुणी जा म्हटलंच नाही.

मित्राची आई मागे येऊन उभी राहिली होती. तिनं सगळं ऐकलं, छातीवर क्रुसाची खूण केली आणि शांतपणे म्हणाली, "म्हंजे ड्युटी सुटली नाय त्याची. तू सांग त्याला जा म्हनून. घरचाच मानूस सांगेल ना आता." ती ताट घेऊन आत गेली. हा माझा हात धरून म्हणाला, "यार, मला खरंच भीती वाटते. मी पाठीमागे त्यांना बसवून गाडी नाही चालवू शकत. तू सांग ना त्यांना. नाहीतर ही व्हॅन विकू, खोली घेऊ, बस झालं." त्याचं काही चुकत नव्हतं. मला व्हॅन विकायची नव्हती, आणि तो पुन्हा तिच्यात झोपायला हवा होता. मी म्हटलं, तू आत जा, मी सांगते.

मी कुलूप उघडलं आणि मागे खिडकीशी सीटवर जाऊन बसले. तोंडपाठ करून गेले होते. शेठसारखं हिंदीत म्हणायचं की आपल्या मराठीत, एवढाच प्रश्न होता. पुढची सीट रिकामी दिसत होती, फक्त रेक्झिन बसल्यासारखं दबलेलं. मग माझं लक्ष वरच्या आरशाकडे गेलं. येताना ह्यानं तो रस्त्यासाठी लावला होता. आता त्यात रस्ता नव्हता, मागची काच नव्हती. त्यात मी होते. अख्खी, नीट मधोमध. कुणीतरी तो माझ्याकडे वळवून ठेवला होता.

तुम्हाला माहीत नसेल, पण घाटकोपरला शिकवणीला जाताना मी ती गाडी कितीदा पाहिली आहे. शेठची मुलगी मागे बसलेली असायची आणि तुम्ही आरशातून तिच्याशी काहीतरी बोलत असायचात, हसतसुद्धा असायचात. मी फुटपाथवर उभी. हाक मारायची नाही असं आईनं बजावलेलं. तुम्ही आयुष्यभर गाडी चालवलीत आणि तुमच्या गाडीत मी एकदाही बसले नाही.

म्हणून मी काही बोलले नाही. इंजिन बंद, ऊन काचेतून मांडीवर आलेलं, आणि मी आरशात बघत पोटभर बसून राहिले. हा कागद तुमच्या सीटवर ठेवायचा होता, पण यात शेठचा तो निरोपाचा शब्द चारपाचदा आला आहे आणि तुम्ही आज्ञेचे पक्के, वाचलात तर उठून चालायला लागाल. तेव्हा हा मी माझ्याकडेच ठेवते. ह्याला मी सांगितलंय की बोलले आणि तुम्ही गेलात. तो बिचारा आता गाणं म्हणत गाडी चालवतो. तेवढं सांभाळून घ्या.