सरस्वतीच्या गोळ्या

४ जानेवारी १९९४, डोंबिवली
छातीच्या गाठीचं ऑपरेशन होऊन तीन महिने झाले. ब्रेस्ट कॅन्सर पुरुषांनाही होतो, हे डॉक्टरांनी दोनदा सांगितलं. मी कुणाला एकदाही सांगणार नाही. ऑफिसात हर्निया सांगितलाय. रोज एक गोळी, टॅमॉक्सिफेन, पाच वर्षं. रेकॉर्ड रूममध्ये तीस वर्षांत एक कागद हरवला नाही, गोळी काय चुकणार.

१९ जानेवारी
काल चुकली. आज दोन घेतल्या, भरपाई झाली. अंगातून गरम वाफा निघतात. थंडीत शर्ट घामाने चिंब. साहेबांनी विचारलं, महिपत, काय होतंय. काम जास्त आहे म्हणालो. दुपारपर्यंत एकच फाईल शोधलेली.

१ फेब्रुवारी, मंगळवार
ठाण्याला तपासणी. सगळ्या बायका. नर्स म्हणाली, पेशंट आत या, मिस्टर लोकांनी बाहेर थांबा. मी बाहेर थांबलो. शिस्त म्हणजे शिस्त.
बाकावर शेजारी कल्याणच्या शेवंतीबाई, सुकी मासळी विकतात. दोन वर्षं हीच गोळी घेतायत. त्यांनी विचारलं, वहिनी आत गेल्या का. हो म्हणालो. नाव विचारलं तर सरस्वती म्हणून मोकळा झालो. लग्न मी केलेलंच नाही.
तपासणी पुढच्या महिन्यात नक्की. गोळ्या जुन्या चिठ्ठीवर मिळतात.

१ मार्च, मंगळवार
पुन्हा बाहेरच. सरस्वतीने एकदा दोन गोळ्या घेतल्या, असं मी सांगितलं. शेवंतीबाई रागावल्या. चुकली तर चुकली, दुप्पट घ्यायची नाही, आणि वाफा आल्या म्हणून आपल्या मनाने बंदही करायची नाही, डॉक्टरांना विचारायचं. वहिनींना सुती कपडे घालायला सांगा म्हणाल्या. सोबत सुकटीची चटणी दिली वहिनींसाठी. फार छान होती. आई गेल्यापासून माझ्यासाठी कुणी काही बांधून दिलेलं नाही. असो, ती सरस्वतीसाठी होती.
सुती बनियन घेतले.

३ एप्रिल
डावी पोटरी सुजलीय, हाताला गरम लागते. जिने जास्त झाले. तेल चोळलं. मंगळवारी शेवंतीबाईंना विचारीन, सरस्वतीचा पाय म्हणून. डॉक्टरांना कशाला त्रास.

५ एप्रिल, ठाणे, वॉर्ड
विचारलं. शेवंतीबाई ताडकन उठल्या. या गोळीने पायात रक्ताची गाठ होऊ शकते, ती वर सरकली तर माणूस जातो म्हणाल्या. उद्या आणतो तिला, म्हणालो. त्यांनी माझ्या मांडीवरची फाईल उचलली, नर्सला दिली आणि सांगितलं, पेशंट हेच आहेत, डाव्या पायाने लंगडतायत.
फाईलवर माझंच नाव आहे. त्यांनी पहिल्याच दिवशी वाचलेलं म्हणे. दोन महिने वहिनी वहिनी करत होत्या. मला फार लाज वाटली.

७ एप्रिल
गाठच निघाली. गोळी डॉक्टरांनी बंद केलीय, इंजेक्शनं चालू. आणखी दोन दिवस घरी बसलो असतो तर काय झालं असतं, ते त्यांनी तोंडावर सांगितलं.
भेटीची वेळ चार ते सहा. शेवंतीबाई नक्की येणार. येते असं म्हणाल्या नव्हत्या, पण स्वभाव कळतो. त्यांची माफी मागायची आहे, वाक्यं पाठ केलीत. केस विंचरले. समोरच्या खाटेभोवती सात माणसं.

साडेसहा वाजता
त्यांचा मासळीचा धंदा, कल्याणहून कशा येणार रोज. नर्सने फॉर्म आणला, घरी कुणाला कळवायचं विचारलं. सरस्वती म्हणणार होतो. पण नर्सने पत्ता विचारला असता.
कुणी नाही म्हणालो.