ऐकू येणारी गळती: नाही

४ नोव्हेंबर
ऑडिटची मेल आली. ९ डिसेंबर. दर तीन वर्षांनी येणारं संकट. बॉयलरचे सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्त करायचं आणि टेस्ट करायचं आमचं सर्टिफिकेट. ते गेलं तर हॉटेलं-हॉस्पिटलं आपले व्हॉल्व्ह दुसरीकडे पाठवतील आणि आम्ही शारजातल्या या गल्लीत गॅस्केट विकत बसू.

कपाटातून क्वालिटी मॅन्युअल काढलं. मीच लिहिलेलं. ऑडिटर नियमांचं पुस्तक क्वचितच उघडतो. आपण काय लिहून ठेवलंय तेच आपल्याला वाचून दाखवतो. पान ३१: "टेस्ट करणाऱ्याच्या डोळ्यांची व कानांची तपासणी दरवर्षी करावी." कानांचं नियमात कुठेही नाही. मागच्या खेपेला छाप पाडायची म्हणून मी घातलं. हौस!

टेस्ट करणारा आमच्याकडे एकच. पास्कूभाऊ. वसईचे, वय एकसष्ट, एकोणीस वर्षं माझ्या शेजारच्या बाकावर. फाइलीत पहिल्या वर्षीचा क्लिनिकचा कागद आहे. पुढच्या दोन वर्षांचे फक्त डोळ्यांचे. कानांच्या रकान्यात "समाधानकारक" आणि खाली सही. माझी. तेव्हा विचारलं तर म्हणाले होते, "तुझी बडबड ऐकतो ना दिवसभर? लिही पास." लिहिलं.

६ नोव्हेंबर
पा.भाऊंना म्हटलं, कानांची तपासणी करून येऊ.
"पाणी? भरलंय टाकीत."
परत सांगितलं, समोर जाऊन. म्हणाले, ऑडिट झालं की जाऊ. मग कराक चहा आणायला गेले ते अर्धा तास गायब. कराकची टपरी दारासमोर आहे.

गेले वर्षभर फोनवर बायकोशी, मार्थावहिनींशी, असे ओरडतात की पलीकडचा पठाण वेल्डर शटरमधून डोकावतो. मी समजत होतो वसईत नेटवर्क खराब.

९ नोव्हेंबर
घरी. नीलाला विचारलं, तुला पा.भाऊंचं काही जाणवतं का. ती कणीक मळत होती, हात न थांबवता म्हणाली, "दिवाळीला जेवायला आले तेव्हा सगळे हसले की हसत होते. विनोद संपल्यावर एक सेकंदाने."
सई आतून: "बाबा, ही इज लिप-रीडिंग. एव्हरीबडी नोज."
एव्हरीबडी म्हणजे मी सोडून. दुबईच्या सिलिकॉन ओएसिसमध्ये कॉम्प्युटरसमोर बसणाऱ्या पोरीला दिवाळीच्या एका जेवणात कळलं. मी एकोणीस वर्षं शेजारी बसतो. लाज वाटली.

११ नोव्हेंबर
कुरियनसाहेबांना सांगितलं. मालक माणूस, घाबरला की हिंदी जास्त मल्याळी होते. "सुधीर, वो लाइन निकाल दो ना. रूल में नहीं है. खलास."
बरोबर आहे. मॅन्युअल आपलं, सुधारणा करायचा हक्क आपला. परवानगीचा अर्ज केला की ओळ जाईल, कुणी विचारणार नाही. अर्ज लिहायलाही घेतला.

मग जोडायला म्हणून टेस्टचा जुना फॉर्म काढला. आमची टेस्ट साधी आहे. छोट्या बॉयलरवर व्हॉल्व्ह बसवायचा, दाब वाढवत न्यायचा. ठरलेल्या आकड्यावर तो धाडकन उघडला पाहिजे; हे काट्यावर दिसतं. मग दाब थोडा उतरवायचा आणि बंद तोंडातून वाफ निसटतेय का बघायचं. मागे काळं फडकं, वाफ दिसावी म्हणून. आणि कान.
फॉर्मची शेवटची ओळ: "ऐकू येणारी गळती". पा.भाऊंच्या गोल अक्षरात: नाही. पान उलटलं. नाही. नाही. नाही.
अर्ज तसाच ठेवला.

१३ नोव्हेंबर
आज टेस्टच्या वेळी मुद्दाम त्यांच्या मागे उभा राहिलो. एका हॉटेलच्या लाँड्रीचा व्हॉल्व्ह. उघडला अगदी काट्यावर. काय हात आहे या माणसाचा! मग दाब उतरवला. फडक्यावर काही दिसत नव्हतं. पण बारीक शिट्टी. डासासारखी, पण होती.
पा.भाऊंनी खिशातून पेन काढलं आणि लिहिलं: नाही.
मी भित्रा. म्हटलं, "ऑडिटचा सराव म्हणून याचं तोंड परत एकदा घासू या का?" माझ्याकडे बघितलं. व्हॉल्व्ह उतरवला, काचेवर पेस्ट लावली आणि इंग्रजी आठच्या आकड्यात फिरवत बसले, नेहमीसारखे. दुपारी परत टेस्ट. शिट्टी नाही.
हाताला काही झालेलं नाही त्यांच्या. तेच वाईट वाटतं.

१५ नोव्हेंबर
सांगून टाकलं. रास अल खोरला स्प्रिंग आणायला गेलो होतो, परतीच्या ट्रॅफिकमध्ये. गाडी थांबलेली, त्यामुळे त्यांना माझं तोंड दिसत होतं. परवाची शिट्टी, फाइलीतली माझी सही, सगळं.
पा.भाऊंनी एसी बंद केला. मग: "म्हणजे तू माझ्या पाठीमागे उभा राहून परीक्षा घेतलीस."
"तसं नाही, पास्कूभाऊ..."
"पाठीमागे, सुध्या. समोर उभा राहिला असतास तर मीच सांगितलं असतं."
खरंच सांगितलं असतं का? माहीत नाही. पण मी समोर उभा राहिलो नाही, हे खरं.

१७ नोव्हेंबर
दोन दिवस डबा वेगळा खातात. आज बोंबील होते, वास आला. मला न देता बोंबील संपवण्याचा एकोणीस वर्षांतला पहिला प्रसंग. नीला म्हणते, "पास्कूभाऊ बरोबर आहेत, तू गप्प बस." बसलो.

व्हिसा त्यांचा जानेवारीअखेर संपतो. साठीनंतर दर वेळी कंपनीने हवंय म्हणावं लागतं. कु.सा. म्हणतात सर्टिफिकेट आलं की बघू. पा.भाऊ घाबरतात ते याला. कानांना नाही.

१८ नोव्हेंबर
सकाळी आठ वाजता माझ्या टेबलासमोर. अंगात चर्चमधल्या रविवारच्या मिसाचा शर्ट. "चल."
क्लिनिकमध्ये काचेच्या खोलीत बसवलं, कानाला हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. पा.भाऊ काचेतून तिच्या हाताकडे बघत सटासट दाबत होते. टेक्निशियन केरळची मुलगी, हुशार. उठून पाठ करून बसली. मग बटण थांबलं.
माझी मान खाली गेली. समोर बसून फसवतात आणि मला पाठीमागचं बोलतात!

डॉक्टर म्हणाले, खालचे आवाज ठीक आहेत, वरचे दोन्ही कानांतून गेले. तीस-पस्तीस वर्षं वर्कशॉप, कानात बोळा नाही. म्हणून बॉयलरची घरघर ऐकू येते आणि शिट्टी येत नाही. बाहेर आल्यावर पा.भाऊ म्हणाले, "मला वाटायचं माझे व्हॉल्व्ह सुधारलेत. पूर्वी दहातला एक शिट्टी मारायचा. मग मारेनासे झाले." आणि हसायला गेले, जमलं नाही.
येताना कँटीनमध्ये अर्धा परोटा माझ्या ताटात टाकला. मिटलं.

२२ नोव्हेंबर
कानांची मशीनं आली. घालून दुकानभर हिंडले. एसी वाजतो म्हणाले. चपला वाजतात म्हणाले. कागद दुमडून बघितला, परत दुमडला. मग मला: "सुध्या, तुझा आवाज इतका किरटा आहे? एकोणीस वर्षं मी तुला भारदस्त समजत होतो."
दिवसभर हाच विनोद. पठाणाला पण सांगितला.

२४ नोव्हेंबर
बॉयलर थंड असताना नुसत्या हवेच्या दाबावर एक व्हॉल्व्ह तपासला, मशीनं घालून. शिट्टी ऐकली. मी काही बोलायच्या आत हात वर केला, थांब. डोळे मिटून ऐकत राहिले. मग हात पुसले, माझ्या कपाटातून यंदाची फाइल काढली आणि त्यांच्या सहीचे बॉयलरचे व्हॉल्व्ह मोजले. चौदा.
"परत बोलव."

कु.सा. खुर्चीतून उठलेच. "पास्कलभाई, पंधरा दिन में ऑडिट है!" मग माझ्याकडे वळून, हे सगळं रिपोर्टमध्ये लिहावं लागेल ना? लागेल. परत बोलावलेला प्रत्येक व्हॉल्व्ह, कारणासकट. लपवलं तर जास्त वाईट.
मी बाजू मांडली ती अर्धवट. व्हॉल्व्ह वेळेवर उघडणारच, ते काट्यावर पाहिलंय. स्फोटबिट होणार नाही. पण वाफ निसटत राहिली की तोंड कापत जाते, मग एक दिवस तो धड बंदही होत नाही.
पा.भाऊ शांतपणे म्हणाले, "साब, मेरा साइन है उस पे. जो सुना नहीं, वो मैंने लिखा है."
कु.सा. खाली बसले. मग: "यल्ला, चलो. गाड़ी भेजो."

४ डिसेंबर
अकरा दिवस नुसती धावपळ. बदली व्हॉल्व्ह द्या, जुना आणा, टेस्ट करा, परत बसवा. चौदातले बारा चोख. दोन शिट्टीवाले. पा.भाऊंनी दोन्ही स्वतः घासले, कुणाला हात लावू दिला नाही. ऐकायला मला उभं केलं. मशीनं असताना मी कशाला? "मशीन कंपनीचं आहे. तू माझा आहेस." असलं काही बोलून लगेच पाना शोधायला लागतात.

रिपोर्ट लिहिला. "मूळ कारण" या रकान्यापाशी अडलो. कुरियनसाहेबांचं मत: लिहा "प्रशिक्षणाचा अभाव". ऑडिटच्या जगात सगळ्या पापांना हेच कारण असतं. मी लिहिलं: "कानांची तपासणी न करता क्वालिटी इनचार्जने स्वतः समाधानकारक असा शेरा दिला." खाली नाव. पा.भाऊंनी वाचलं. "माझं नाव कुठेय?" म्हटलं, मूळ कारण एकच लिहायचं असतं.

९ डिसेंबर
ऑडिट.
ऑडिटरबाई, पन्नाशीच्या, केस पांढरे, बूट स्वतःचे घेऊन आल्या होत्या. रिपोर्ट दोनदा वाचला. पान ३१ उघडलं, क्लिनिकचा कागद बघितला. मग म्हणाल्या, टेस्ट दाखवा. पास्कल करतील.

बॉयलर पेटवला. व्हॉल्व्ह अचूक उघडला, बाईंची भुवई वर गेली, मला बरं वाटलं. मग दाब उतरवला. आणि पा.भाऊंची मशीनंच शिट्टी मारायला लागली. उकाडा, घाम, बॉयलरची घरघर, काय झालं कोण जाणे. ते काळ्या फडक्यासमोर उभे, एकदा व्हॉल्व्हकडे कान, एकदा माझ्याकडे डोळे. मला शिट्टी ऐकू येत नव्हती. व्हॉल्व्ह चोख होता. मान हलवायचा अवकाश. नुसती मान, एवढीशी. बाई वहीत बघत होत्या.
मी हललो नाही. आयुष्यात इतकं कठीण काही केलेलं नाही.

पा.भाऊंनी मशीनं काढली, खिशात ठेवली, पेनाला टोपण लावलं. "मॅडम, आय कॅनॉट हिअर धिस. मशीन ऑल्सो कॅनॉट. गेज आय साइन. लीकेज, ही विल साइन." आणि मला हाताला धरून फडक्यासमोर आणलं. सगळ्यांसमोर, दुकानातल्या सगळ्या पोरांसमोर, जे त्यांना उस्ताद म्हणतात.
मी ऐकलं. लिहिलं: नाही. बाजूला माझी सही, वर त्यांची.
बाईंनी फॉर्म उचलून बराच वेळ बघितला. "तुमच्या मॅन्युअलमध्ये टेस्ट करणारा एक आहे. इथे दोन आहेत." असं इंग्रजीत. म्हटलं, हो. "मग तसं लिहून पाठवा. निर्णय कमिटी घेईल." पुढे काही नाही. जाताना पा.भाऊंशी हात मिळवला, माझ्याशी नाही. चालेल.

१८ डिसेंबर
मॅन्युअल सुधारून पाठवलं. दाब एकाने बघायचा, गळती दुसऱ्याने ऐकायची, दोघांच्या सह्या. कानांची ओळ ठेवली. खाली टेस्ट करणाऱ्यांची यादी. कु.सा. म्हणाले, जो पक्का जानेवारीनंतर इथे असेल त्याचंच नाव घाला, उगाच घोळ नको. मी पहिलं नाव घातलं: पास्कल. दुसरं माझं. कुरियनसाहेबांनी वाचलं, चष्मा काढला, परत घातला आणि सही केली. व्हिसाचा कागद मात्र अजून त्यांच्या ट्रेमध्येच. त्यावर सही नाही.

१९ डिसेंबर
पा.भाऊंना विमानतळावर सोडलं. नाताळ वसईत. ५ जानेवारीचं परतीचं तिकीट. सामानात मार्थावहिनींसाठी मिक्सर, आणि माझ्या लक्षात आलं, व्हॉल्व्ह घासायची लॅपिंगची काचसुद्धा. त्यांची स्वतःची, इथे येताना आणलेली. कधी नेत नाहीत.
"ही कशाला?"
"घरच्या नळाचं वॉशर गळतंय."
नळाच्या वॉशरला लॅपिंगची काच! मी बॅग ट्रॉलीवर चढवली. त्यांनी बघितलं नाही माझ्याकडे. गाडीत परत येताना रडलो, थोडा.

२६ डिसेंबर
कमिटीची मेल नाही.
दुपारी पा.भाऊंचा फोन. मी सवयीने फोन कानापासून लांब धरला, गरज नव्हती. हळू बोलत होते, साध्या माणसासारखं. म्हणाले, मार्था स्वयंपाकघरात गाते. गुणगुणते काहीतरी, भांडी घासताना. विचारलं, कधीपासून? तर म्हणाली, नेहमीच गाते, लग्नापासून.
मागे भांड्यांचा आवाज येत होता.
"तुझी मेल आली का रे?"
"नाही अजून."
"आली की सांग. काही असो. आता हळू सांगितलंस तरी चालेल."
संध्याकाळी निघताना परत एकदा मेल बघितली. कुरियनसाहेबांच्या ट्रेमध्येही डोकावलो. व्हिसाचा कागद तिथेच आहे, बिनसहीचा.